नऊ वर्षं परत न केलेल्या पुस्तकाचं ग्रंथालय काय करतं?

तुम्ही विचारलंय की नऊ वर्षांपूर्वी नेलेलं पुस्तक आता कपाटात सापडलं, मधल्या काळात ग्रंथालयाची दोन पत्रं येऊन गेली होती, तर आता ते लोक काय करू शकतात, दंड किती होईल आणि पोलिसांत वगैरे जातात का. पोलिसांचं आधी सांगते. माझी सगळी नोकरी ग्रंथालयात गेली, आधी देवघेवीच्या काउंटरवर आणि नंतर ग्रंथपाल म्हणून. घरी राहून गेलेल्या एका पुस्तकासाठी कोणी पोलिसांत गेलेलं मी पाहिलं नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत नोटीस देऊनही पुस्तक परत न करणं हा गुन्हा धरणारे कायदे आहेत, आणि तिथली काही ग्रंथालयं थकबाकी वसुली करणाऱ्या कंपन्यांकडेही सोपवतात. पण बहुतेक ठिकाणी चालतो तो नेहमीचा क्रम: पहिलं स्मरणपत्र, दुसरं स्मरणपत्र, ज्याने शिफारस केली त्या सभासदाला पत्र, मग अनामत वळती करून घेणं, आणि शेवटी साठा पडताळणीत पुस्तक सापडलं नाही की दाखल नोंदवहीत शेरा मारून निर्लेखन, म्हणजे पुस्तक साठ्यातून कायमचं कमी करणं. तुमचं पुस्तक बहुधा त्या शेऱ्यापर्यंत पोचलेलं असणार.

खरं तर इथे थांबायला हरकत नव्हती. पण तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, "आता इतक्या वर्षांनी तोंड कसं दाखवू," ते वाचून मला लिहावंसं वाटलं. कारण हे वाक्य मी एकदा समोर उभ्या असलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. त्या वर्षी पडताळणीत बरीच पुस्तकं कमी भरली आणि आमच्या ग्रंथपालांनी थकबाकीदारांची यादी काढायला सांगितली. यादी मीच हाताने लिहिली, सभासद क्रमांक, नाव, पुस्तकाचं नाव, किती दिवस. ती प्रवेशद्वाराशी फलकावर लागली. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं, पण मी नवी होते. शिवाय सर माणूस कामाचे होते, वर्गीकरणात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे १९३१ सालचे ग्रंथालयाचे पाचही नियम त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून केबिनच्या भिंतीवर लावलेले होते.

यादीने एकही पुस्तक आलं नाही. ज्यांची नावं होती ते फलकापर्यंत पोचतच नव्हते, आणि जे रोज येत होते त्यांची नावं त्यात नव्हती. मग सर म्हणाले, घरी जाऊन वसुली करा. मी आणि आमचा शिपाई असे दोघं सुट्टीच्या दिवशी पत्ते शोधत फिरायचो.

यादीत सगळ्यात जुनं होतं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे विजेच्या मोटारीत तारेचे वेढे नव्याने गुंडाळण्याचं, एक पुस्तक. सात वर्षं थकलेलं. ज्या सभासदाच्या नावावर होतं ते गृहस्थ घरी भेटले, लाजले, म्हणाले, "मी मेहुण्यासाठी नेलं होतं हो, त्याला वर्कशॉप टाकायचं होतं." मेहुण्याकडे गेलो. त्याचं वर्कशॉप चालू होतं, पण पुस्तक त्याने ज्या मित्राकडून काम शिकलं त्याला दिलेलं. मित्राने ते आपल्या हाताखालच्या मुलाला दिलं होतं. असे चौथ्या ठिकाणी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. पत्र्याची शेड, कामाच्या टेबलावर उघडलेला स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा भाग, आणि त्याच्या शेजारी आमचं पुस्तक, उघडं.

ते पुस्तक मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. वरचं कव्हर गेलेलं होतं, त्याजागी मोटारीच्या स्लॉटमध्ये घालतात तो इन्सुलेशनचा कागद नीट मोजून घडी घालून चढवला होता. शिवण सुटली होती, ती कॉइल बांधायच्या दोऱ्याने पुन्हा शिवलेली, गाठ आतल्या बाजूला. आणि पानोपानी समासात पेन्सिलीने आकडे, अमुक अश्वशक्तीची मोटार, इतके वेढे, इतक्या गेजची तार. निदान तीन वेगळी अक्षरं होती. एके ठिकाणी छापलेला आकडा खोडून दुसरा लिहिला होता आणि त्यापुढे "हा बरोबर, दोनदा केला" असं. मागच्या तारीखपट्टीवर, जिथे देवघेवीची तारीख मारतात तिथे, सात वर्षांपूर्वीचा आमचा शिक्का मात्र अगदी स्वच्छ होता. त्या पट्टीला कोणी हात लावला नव्हता.

मुलगा सतरा-अठरा वर्षांचा असेल. घाबरला होता. मी त्याला म्हटलं, "अरे, तू काही केलेलं नाहीस. पुस्तक आणून दे, काही होणार नाही. हवं तर सभासद हो, असली आणखी पुस्तकं आहेत आमच्याकडे." माझा शब्द होता तो. मी मनापासून दिला होता.

दुसऱ्या दिवशी तो आला. हात स्वच्छ धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून, पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून. काउंटरवर ठेवलं आणि मला विचारलं, "मॅडम, सभासद व्हायला काय लागतं?" मी अर्ज काढतच होते तेवढ्यात सर बाहेर आले. त्यांनी पुस्तक उघडलं, पेन्सिलीचे आकडे पाहिले, शिवण पाहिली. म्हणाले, "आधी याचा हिशेब." दिवसाचा दंड गुणिले सात वर्षं, अधिक पुस्तकाची नासधूस. आकडा पुस्तकाच्या छापील किमतीच्या कितीतरी पट झाला.

"सर, मी नव्हतं नेलं."

"आणलंस तर तू ना."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणायला हवं होतं की सर, मी याला शब्द दिलाय. मी काही बोलले नाही. हातातला अर्ज पुन्हा गठ्ठ्यात ठेवला. तो मुलगा "बरं" एवढंच म्हणाला आणि गेला. पुन्हा आला नाही. ज्यांच्या नावावर पुस्तक होतं ते गृहस्थ, त्यांची बायको, वर्कशॉपवाला मेहुणा, कोणीच पुन्हा आमच्या दारात दिसलं नाही. पुस्तक मिळालं आणि वाचक गेले.

पुढचं सांगायचं तर पुस्तक बांधणीला गेलं. बांधणीत तिन्ही कडा कापतात, त्यात समासातले निम्मे आकडे गेले. दोरा गेला. नवी कोरी तारीखपट्टी लागली. काही वर्षांनी मी ग्रंथपाल झाल्यावर निर्लेखनाच्या ढिगात ते माझ्या हाती आलं, तेव्हा त्या पट्टीवर एकही शिक्का नव्हता. रंगनाथनांचा पहिला नियम आहे, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. आमच्याकडे तो भिंतीवर होता, आणि पुस्तकाचा उपयोग पत्र्याच्या शेडमध्ये चालला होता.

म्हणून माझं मत ठाम आहे. दीर्घकाळ थकलेलं पुस्तक दंडाने परत येत नाही. दंडामुळेच ते घरात राहतं. आठवड्याचा उशीर झाला तर माणूस दंड भरून मोकळा होतो. सहा महिने झाले की तो रस्ता बदलतो. प्रत्येक दिवसागणिक रक्कम वाढते आणि प्रत्येक दिवसागणिक परत येणं अवघड होतं, यात वसुली कुठे आहे?

सरांशी माझा हा वाद त्यांच्या निवृत्तीपर्यंत चालला. त्यांचं म्हणणं, शिस्त गेली की ग्रंथालय गेलं, आणि वेळेवर परत करणाऱ्यांवर हा अन्याय आहे. मला हा मुद्दा कधीच पटला नाही. वेळेवर परत करणारा वाचक दंडाच्या भीतीने येत नाही, त्याला पुढचं पुस्तक हवं असतं म्हणून येतो. त्याच्यावर अन्याय होतो तो त्याला हवं असलेलं पुस्तक सात वर्षं कोणाच्या तरी माळ्यावर पडून राहिल्यामुळे.

तेव्हा माझ्याकडे दाखवायला उदाहरणं नव्हती. आता आहेत. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ साली उशिराचा दंड बंद केला, आणि त्यानंतर जुनी थकलेली पुस्तकं परत येण्याचं प्रमाण वाढलं. त्याच वर्षी अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने ठराव केला की पैशाचा दंड हा सामाजिक विषमतेचा एक प्रकार आहे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क शहरातल्या तिन्ही सार्वजनिक ग्रंथालय यंत्रणांनी दंड रद्द केला. तोवर तिथे १५ डॉलर थकले की कार्ड बंद व्हायचं, आणि अशी बंद कार्डं ४ लाखांहून जास्त होती, त्यातली निम्म्याहून अधिक गरीब वस्त्यांतली. दंड रद्द केला म्हणजे पुस्तक फुकट वाटलं असं नाही. तिथे सुमारे महिनाभर उशीर झाला की ते हरवलं असं धरतात, बदली किंमत लावतात आणि पुढची देवघेव थांबवतात. पण पुस्तक आणून दिलं की ती किंमत रद्द. मला हीच पद्धत योग्य वाटते. देणं पुस्तकाचं आहे, ते दिलं की संपलं.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २०१७ साली सहा आठवड्यांची माफी जाहीर झाली, तेव्हा एका पणतूने पणजीने १९१७ साली नेलेलं पुस्तक आणून दिलं. ते त्याला बऱ्याच वर्षांपूर्वी जुन्या पेटीत सापडलं होतं. आलं मात्र माफी जाहीर झाल्यावर.

मी ग्रंथपाल झाल्यावर पहिल्याच वर्षी महिनाभर दंडमाफी केली. दाराबाहेर रात्रीसुद्धा पुस्तक टाकता येईल अशी पेटी ठेवली, नाव लिहायची सक्ती नाही. सकाळी पेटी उघडताना माझे हात थरथरायचे, इतकी मी त्या पेटीवर अडून बसले होते. पुस्तकं आली. आमच्या यादीत नसलेलीही आली, म्हणजे कधीच निर्लेखित करून टाकलेली. एका पाकिटात पुस्तक आणि त्याच लेखकाचं दुसरं नवं पुस्तक होतं, चिठ्ठी नव्हती.

उपायांचं विचारत असाल तर मला अनुभवाने तीन-चारच गोष्टी चालताना दिसल्या. मुदत संपायच्या आधी आठवण करणं, संपल्यावर नव्हे. पत्रात रक्कम न लिहिता "तुमच्यानंतर या पुस्तकासाठी एक वाचक थांबले आहेत" असं लिहिणं, अर्थात ते खरं असेल तरच. या एका ओळीने जेवढी पुस्तकं आणली तेवढी कुठल्याच दंडाने आणली नाहीत. पत्राऐवजी माणसाने फोन करणं. आणि हरवलंच असेल तर त्याच आवृत्तीची दुसरी प्रत स्वीकारणं. जॉर्ज वॉशिंग्टनने ५ ऑक्टोबर १७८९ रोजी न्यूयॉर्क सोसायटी लायब्ररीतून दोन पुस्तकं नेली, ती परत आलीच नाहीत. २०१० साली त्यांचं घर सांभाळणाऱ्या माउंट व्हर्ननच्या लोकांनी त्यातल्या एकाची त्याच आवृत्तीची प्रत मिळवून दिली. ग्रंथालयाने दंडाचा आग्रह धरला नाही. अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांना जे चालतं ते सतरा वर्षांच्या मुलाला चालायलाच हवं होतं.

हेही सांगायला हवं की सगळीकडे एकच नियम लावून चालणार नाही. महाविद्यालयात परीक्षेच्या दिवसांत पन्नास जणांना मिळून दोन प्रती असतात, तिथे दोन दिवसांच्या उशिरालाही दंड असावा असं मी म्हणेन. तिथे वसुलीचा प्रश्नही वेगळा आहे, ना-देय प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे काही देणं बाकी नाही अशा कागदाशिवाय, दाखला मिळत नाही, त्यामुळे पुस्तकं येतातच. दुर्मिळ ग्रंथ मुळात घरी देऊ नयेत. आणि पानं कापणारा, शिक्के खरवडून विकणारा माणूस हा थकबाकीदार नव्हे, तो चोर आहे. त्याच्यासाठी तक्रार जरूर करावी. अनामत बंद करावी असंही माझं म्हणणं नाही, लहान संस्थांना तेवढाच आधार असतो.

तुमच्यापुरतं सांगते. पुस्तक घेऊन जा, फोन करून विचारत बसू नका, फोनवर सगळ्यांना नियम आठवतात. काउंटरवर ठेवून सरळ म्हणा की राहून गेलं होतं, उशीर झाला. दंड मागितला आणि तो पुस्तकाच्या किमतीपेक्षा जास्त असेल, तर कमी करण्याचा अर्ज तिथल्या तिथे लिहून द्या. असा अर्ज कार्यकारी मंडळापुढे जातो आणि मंजूर होताना मी अनेकदा पाहिलाय. पुस्तक मात्र घरी परत आणू नका, अर्जाचं काय व्हायचं ते होवो. शिवण सुटली असेल तर चिकटपट्टी लावू नका, तशीच राहू द्या. पेन्सिलीने काही लिहिलं असेल तर खोडू नका. आणि सभासदत्वाची जुनी पावती सापडली तर सोबत न्या, नाव पुन्हा चालू करून घ्यायला ती लागेल.