भुताची चाहूल आणि नवऱ्याचे मौन

प्रश्न : ‘व्हॉट लाइज बिनीथ’ या २००० सालच्या चित्रपटात भुताइतकाच वेळ नवरा-बायकोच्या संबंधांना का दिला आहे?

उत्तर : कारण भूत जे उघड करू पाहते, ते नवऱ्यानेच दडवलेले असते. मुलगी कॉलेजला गेल्यावर एकाकी झालेल्या क्लेअरला (मिशेल फायफर) घरात कोणाची तरी चाहूल लागते, वाफाळलेल्या आरशावर अक्षरे उमटतात, आणि नॉर्मन (हॅरिसन फोर्ड) मात्र तिच्याच मनःस्थितीवर शंका घेत राहतो. अंग बधिर झालेली क्लेअर टबमध्ये पडून चढते पाणी नुसते पाहत असते, तो प्रसंग दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस यांनी विलक्षण संयमाने रंगवला आहे. त्यानंतरचा पाठलाग मला अनावश्यक लांबलेला वाटतो.