समकालीन, एकसामयिक की नुसतंच ‘एकाच वेळी’?

प्रश्न असा: आइन्स्टाइनच्या विशिष्ट सापेक्षता सिद्धांतावरच्या लेखाचं भाषांतर करताना ‘दोन्ही विजा समकालीन पडल्या’ आणि ‘दोन्ही घड्याळं समकालीन केली’ अशी वाक्यं लिहिली आहेत. ती चालतील का?

‘समकालीन’ इथे नको. तो शब्द आयुष्यांना किंवा राजवटींना लावतात. न्यूटन आणि लायब्निझ समकालीन होते. विजा समकालीन पडत नाहीत. ‘युगपत्’ अर्थाला अगदी नेमका आहे. एका क्षणी दोन ज्ञानं उपजत नाहीत हीच मन असल्याची खूण, असं न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, सांगताना हाच शब्द आला आहे. पण आजचा वाचक त्याला अडखळेल. ‘एकसामयिक’ बरा, कारण एकसामयिक समीकरणं सगळ्यांनी शाळेत सोडवलेली असतात. नाम हवं तिथे ‘एकसामयिकता’, आणि ओघात लिहिताना साधं ‘एकाच वेळी’. त्यातला ‘च’ मात्र गाळू नका. ‘एका वेळी दोन’ म्हणजे दोन-दोन करून, तो अर्थच निराळा.

घड्याळं आपण लावतो, जुळवतो. तेव्हा दुसऱ्या वाक्यात ‘जुळवली’ लिहा. हा नुसता आवडीनिवडीचा मामला नाही. आइन्स्टाइनच्या १९०५ सालच्या निबंधाचा पहिलाच भाग एकसामयिकतेच्या व्याख्येवर आहे. गाडी सात वाजता येते म्हणजे काय? माझ्या घड्याळाचा काटा सातावर येणं आणि गाडी येणं या एकसामयिक घटना आहेत, इतकंच. घड्याळापाशी घडणाऱ्या गोष्टींना हे पुरतं. लांबच्या घटनेसाठी तिथे वेगळं घड्याळ लागतं आणि ते इथल्याशी जुळवावं लागतं. इथून शून्य सेकंदाला प्रकाश सोडला आणि तिथल्या आरशावर आपटून तो दहाव्या सेकंदाला परत आला, तर आरशावर पोचताना तिथलं घड्याळ पाच सेकंद दाखवत असलं पाहिजे. जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो, हे इथे मोजून काढलेलं नाही, व्याख्येनंच ठरवलेलं आहे. म्हणजे जुळवणी आधी, आणि दूरच्या घटना एकसामयिक आहेत की नाहीत हा निवाडा तिच्या जोरावर. दोन्हींना एकच शब्द वापरलात तर हा क्रमच पुसला जातो.

‘माझ्या घड्याळात सात वाजले’ असं आपण सहज म्हणतो. सापेक्षतेत ही पुस्ती सोडून चालत नाही: कुणाच्या जुळवणीनुसार एकाच वेळी, ते प्रत्येक ठिकाणी लिहा.

आणि ‘दिसणे’ हे क्रियापद जपून वापरा. नेहमीचं उदाहरण घ्या: धावत्या गाडीच्या दोन टोकांवर विजा पडतात, एकजण फलाटावरून पाहतो आणि दुसरा गाडीतून. ‘गाडीतल्या माणसाला पुढची वीज आधी दिसते’ एवढ्यावर थांबलात, तर वाचकाला हा नजरेचा खेळ वाटेल. सूर्यावरची घटना आपल्याला सुमारे आठ मिनिटं वीस सेकंदांनी दिसते, पण तेवढा वेळ वजा करून ती केव्हा घडली हे आपण सांगू शकतो. प्रकाशाच्या प्रवासाची अशी वजाबाकी काटेकोर केल्यावरही फलाटावरच्याचं आणि गाडीतल्याचं जमत नाही, मुद्दा तो आहे. फलाटाच्या हिशेबाने एकाच वेळी पडलेल्या विजांपैकी पुढची गाडीच्या हिशेबाने आधी ‘पडते’.

खरी फजिती होते ती ‘मागे’ आणि ‘पुढे’ या शब्दांत. गाडीच्या दोन टोकांची घड्याळं गाडीतल्यांनी जुळवलेली आहेत. फलाटाच्या हिशेबाने पुढच्या टोकाचं घड्याळ मागे असतं आणि मागच्या टोकाचं पुढे! वाक्य बरोबर आहे, पण वाचणारा गरगरतो. तिथे ‘इंजिनाकडचं घड्याळ कमी वेळ दाखवतं’ असं सरळ लिहावं. गाडी तीनशे मीटर लांब आणि वेग सेकंदाला तीस मीटर धरला, तर फरक सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाइतका येतो. शिवाय घड्याळ ‘मागे आहे’ आणि ‘मागे पडतं’ यांची गल्लत नको. पहिल्यात नुसती तफावत आहे, दुसऱ्यात चालच मंद. फलाटावरून पाहता गाडीतल्या घड्याळांना दोन्ही लागू पडतं, म्हणून एकाच परिच्छेदात ही दोन्ही क्रियापदं येणार असतील तर दुसऱ्यासाठी ‘हळू चालतं’ लिहा.