घाम कोणत्या संस्थेत लिहायचा?

प्रश्न : मी सातवीत आहे. आम्हाला पचन, श्वसन, रक्ताभिसरण, उत्सर्जन अशा शरीराच्या संस्था शिकवल्या. परवा बाबा वावरात पऱ्हाटी उपटत होते. दुपारी वाकलेले उभे झाले तर त्यांना चक्कर आली, मग पोटऱ्यांत गोळे आले. लघवी पिवळीधमक झाली. ‘अंगात पाणीच नाही राह्यलं,’ म्हणत होते. घाम तर कातडीतून गेला, मग त्रास सगळीकडे कसा झाला? आणि परीक्षेत घाम कोणत्या संस्थेत लिहायचा?
– एक विद्यार्थिनी, ता. देवळी, जि. वर्धा

उत्तर : परीक्षेचं आधी उरकते. ‘उत्सर्जन’ लिही, गुण मिळतील. घामातून थोडा युरिया, म्हणजे शरीरातला एक टाकाऊ पदार्थ, बाहेर जातो हे खरंच आहे. पण युरिया टाकायला मूत्रपिंडं पुरेशी असतात. घाम सुटतो तो अंग थंड राहावं म्हणून, आणि हे वाक्य उत्तराखाली जरूर जोड.

तुझा पहिला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायची तेव्हा मुलं प्रत्येक संस्थेची सुबक आकृती काढत, पण एकीचा दुसरीशी काय संबंध, हे क्वचितच कोणी विचारी. सगळ्या संस्था एकाच रक्तावर आणि एकाच पाण्यावर चालतात. बाबांच्या अंगात त्या दुपारी काय घडलं ते क्रमानं बघ.

आपल्या शरीराचं तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावं लागतं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात आणि राबणारे स्नायू आतूनही उष्णता तयार करतात. रक्त तापतंय हे मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या छोट्या भागाला कळतं. तो चेतातंतूंमार्फत कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंद करवतो आणि घामाच्या ग्रंथींना कामाला लावतो. या ग्रंथी अंगभर वीस ते चाळीस लाख असतात.

घाम नुसता गळून उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. घरचा कूलर असाच चालतो : ओल्या ताट्यांतून वारा गेला की पाणी उडतं आणि हवा गार होते. मृगाच्या तोंडावर हवा दमट झाली की कूलर काही कामाचा राहत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत घामही अंगावर नुसता चिकटून राहतो. म्हणून जूनमधले ३८ अंश कधी कधी मेपेक्षा जड जातात.

आता चक्कर. बरंचसं रक्त कातडीकडे वळलेलं, घामानं रक्तातलं पाणीही कमी झालेलं. हृदय ठोके वाढवून सांभाळून घेतं. पण बाबा वाकून काम करता करता एकदम उभे झाले, तेव्हा रक्त पायांकडे उतरलं, रक्तदाब घसरला आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडलं. आतड्यांकडचं रक्तही अशा वेळी कमी होतं, म्हणूनच भर उन्हातून आलेल्या माणसाला जेवण नकोसं वाटतं.

लघवीची गोष्ट मला सगळ्यात आवडते. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर. बाकी सगळं परत रक्तात. पाणी कमी पडलं की मेंदूतून एक संप्रेरक सुटतं, ते मूत्रपिंडांना आणखी पाणी राखायला लावतं. लघवी थोडी आणि गडद होते. म्हणजे मूत्रपिंडं बिघडलेली नव्हती, ती बाबांसाठी पाणी वाचवत होती. पोटऱ्यांतल्या गोळ्यांचं म्हणशील तर घामाबरोबर मीठही जातं, त्यात स्नायू थकलेले.

ऊन वाढत जातं तसं एक-दोन आठवड्यांत शरीर सरावतं. घाम लवकर सुटतो, त्यात मीठ कमी असतं. पण सराव झाला म्हणून पाण्याची गरज कमी होत नाही, हे बाबांना माझ्या वतीनं सांग. आणि एक गोष्ट पाठच कर : माणूस बरळू लागला, अंग चटके बसावेत इतकं तापलं, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजायचा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

प्रश्न : आम्ही तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटेच जंगलात जातो. मुलगा म्हणतो, तहान पाण्यानं भागते, तर मीठ-पाण्यात साखर कशाला? सासूबाई खिशात कांदा ठेवायला सांगतात. त्याचा उपयोग होतो का?
– एक आई, जि. गोंदिया

उत्तर : ताई, साखर चवीपुरती नाही, तिला काम आहे. लहान आतड्याच्या आतल्या पेशींवर असे वाहक असतात की ते मीठातलं सोडियम आणि ग्लुकोज जोडीनंच आत घेतात, आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ होती आणि सलाईन संपत आलं होतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांत भरून लोकांना पाजलं आणि तिथला मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आला. मुलाला हे सांगा, तो नाही म्हणणार नाही.

खिशातला कांदा पाणीही देत नाही, मीठही देत नाही. सासूबाईंचं मन मोडू नका, कांदा सोबत न्या आणि भाकरीशी खाऊन टाका. मात्र त्याच्या भरवशावर पाण्याची बाटली घरी राहता कामा नये.

हे मीठ-साखरेचं पाणी घरी करायचं तर १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजे टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो. आशाताईंकडे ओआरएसच्या पुड्या मिळतात. १ लिटरची पुडी पूर्ण लिटरभर पाण्यातच विरघळवायची, ग्लासात नव्हे. केलेलं पाणी २४ तासांत संपवा, उरलं तर फेका.