कोडिंगच्या वर्गाने मुलगा मार्गाला लागेल का?

शाळा सुटल्यावर भरणाऱ्या मोफत कोडिंगच्या, म्हणजे संगणकाचे प्रोग्रॅम लिहायला शिकवणाऱ्या वर्गात मुलाला घातले, तर त्याला कंपनीत नोकरी लागेल का, असा प्रश्न सोलापूरच्या पूर्व भागातील पालक समुपदेशनासाठी माझ्याकडे वारंवार घेऊन येतात. प्रश्न नोकरीचा असला तरी त्यामागची काळजी निराळी असते. मूल हातातून निसटत चालले आहे आणि त्याला थोपवणारे काहीतरी आता, याच महिन्यात हवे आहे, असे त्यांना सांगायचे असते. अशाच एका कुटुंबाची हकिकत त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून येथे देत आहे.

आई विड्या वळते. कारखान्यातून पाने आणि तंबाखू आणायचा, घरी बसून विड्या वळायच्या आणि हजारावर मजुरी घ्यायची, हा तिचा दिवस. वडील अक्कलकोट रस्त्यावरच्या एका यंत्रमाग कारखान्यात चादरी विणतात. मुलगा पंधरा वर्षांचा. घरी तेलुगू आणि शाळेत मराठी बोलणारा हा मुलगा नववीत नापास झाला आणि त्याने शाळेचे नावच टाकले. संध्याकाळी चौकातल्या टपरीपाशी मोठ्या मुलांबरोबर उभे राहणे, तंबाखू-सुपारीचा मावा खाणे आणि रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर खेळणे सुरू झाले. वडिलांनी त्याला रात्रपाळीला कारखान्यात कांड्या भरायला, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळायला न्यायचे ठरवले होते, तर आईने शेजारणीकडून कोडिंगच्या वर्गाबद्दल ऐकले होते. "मॅडम, सहा महिन्यांत नोकरी लागते म्हणतात, खरं काय ते तुम्हीच सांगा," असे त्या म्हणाल्या.

खरे ते मी सांगितले. सहा महिन्यांत नोकरी लागत नाही. बहुतेक कंपन्या पदवी किंवा डिप्लोमा पाहतात. मुलांना लहान वयात घेऊन स्वतः शिकवणारे एचसीएल या आयटी कंपनीचे टेकबी किंवा झोहो या सॉफ्टवेअर कंपनीची शाळा यांसारखे उपक्रम आहेत, पण तिथेही बारावी किंवा डिप्लोमा झालेला असावा लागतो. नववी नापास मुलाने नुसते कोडिंग शिकून हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे गाठले, तर तिथे त्याला दारातूनच परत यावे लागेल. "मग पाठवू नको का?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मी म्हटले, "ताई, जरूर पाठवा. पण नोकरीसाठी म्हणून नको. रोज संध्याकाळी आपली कोणीतरी वाट पाहते, हे त्याला कळावे म्हणून पाठवा, आणि शाळा सोडून मात्र पाठवू नका."

या वयातील मुलांच्या बाबतीत संध्याकाळी पाच ते आठ ही वेळ सर्वांत नाजूक असते, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे. त्या वेळी आई-वडील कामावर असतात, शाळा सुटलेली असते आणि चौक भरलेला असतो. ती वेळ भरून काढणारा कोणताही चांगला वर्ग, मग तो कुस्तीचा असो वा तबल्याचा, उपयोगाचा ठरतो. मात्र वर्षानुवर्षे 'तुझ्या डोक्यात काही शिरत नाही' हेच ऐकत आलेल्या मुलाला कोडिंगमध्ये आणखी एक गोष्ट मिळते. प्रोग्रॅम चुकला की संगणक चौथ्या ओळीत चूक आहे एवढेच सांगतो. चौथी ओळ सुधारली की पुढे जाता येते, आणि कितीही वेळा चुकले तरी त्याचा सूर बदलत नाही. चूक म्हणजे आपली लायकी नव्हे, ती दुरुस्त करण्याची एक जागा आहे, हे जे मी महिनोन्‌महिने बोलून पटवू शकत नाही, ते या मुलाने पहिल्या काही आठवड्यांतच अंगी बाणवले.

त्या दिवसांतील एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. मुलाने पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत फुल्यांची एक नक्षी छापणारा प्रोग्रॅम लिहिला होता आणि त्याचा छापील कागद घेऊन तो वडिलांसह बैठकीला आला. नक्षी चादरीच्या काठाची होती. संगणकाला कधी हात न लावलेल्या वडिलांनी कागद जवळ घेतला, काठावरून बोट फिरवत फुल्या मोजल्या आणि म्हणाले, "ह्यात बारा पाहिजेत, अकराच आल्यात, कोपरा जुळणार नाही." मुलाने वही उघडून पाहिले. कुठून कुठपर्यंत मोजायचे हे सांगणाऱ्या 'रेंज' या सूचनेत १ आणि १२ लिहिले, तर पायथॉन १२ च्या अलीकडेच, म्हणजे ११ वर थांबते. नव्याने शिकणारा प्रत्येक जण इथे अडखळतो. ती चूक वडिलांच्या नजरेने पकडली, कारण मागावर नक्षी ठरवणाऱ्या जकार्डच्या पंच कार्डावर एक छिद्र चुकले तरी नक्षी बिघडते, हे ते आयुष्यभर पाहत आले आहेत. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जकार्ड यांनी बनवलेल्या मागातील छिद्रांच्या कार्डांची कल्पना पुढे गणनयंत्रांसाठी वापरली गेली, हे मी त्या दोघांना सांगितले. आपल्या बापाला यातले काही कळते, ही जाणीव त्या मुलाच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसली, आणि एरवी मुलाशी बोलताना आवाज चढवणारे वडील त्या बैठकीत त्याला प्रश्न विचारत राहिले.

रात्रपाळीचा विषय त्याच बैठकीत निघाला. बाल व किशोरवयीन कामगार कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाला संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत कामाला लावता येत नाही, हे मी वडिलांना सांगितले. मात्र कायद्याचा धाक दाखवून घरातली चूल पेटत नाही, हेही मला ठाऊक होते. म्हणून मुलाची मजुरी नेमकी कोणत्या खर्चासाठी हवी आहे, हे आम्ही तिघांनी बसून मांडले. बराचसा भाग एका हातउसन्या कर्जाचा होता आणि ते फेडण्याची मुदत वाढवून घेता आली. प्रत्येक घरी असे जमत नाही. जमत नसेल तर मुलाला वर्गात घालूनही तो टिकत नाही, आणि त्याचा दोष मुलाला देणे अन्यायाचे आहे.

वर्ग निवडताना पालकांनी काही गोष्टी धीटपणे विचाराव्यात, असा माझा आग्रह असतो. नोकरीची हमी देऊन अनामत रक्कम मागणाऱ्या वर्गापासून दूर राहावे. मूल दोन दिवस आले नाही तर कोण फोन करतो, आधीच्या तुकडीतील मुले आज काय करतात, मुलींना रात्री घरी पोचवण्याची काय सोय आहे, या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली पाहिजेत. मुलांना गावातलेच खरे काम मिळते का, हेही पाहावे. अमेरिकेतील ओकलंड शहरात 'हॅक द हूड' ही संस्था गरीब वस्त्यांतील तरुणांकडून छोट्या दुकानदारांच्या वेबसाइट करून घेत असे. आपल्याकडे टॉवेलच्या व्यापाऱ्यापासून खानावळीपर्यंत असे काम भरपूर आहे.

हा मुलगा आता सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसतो आहे. सकाळी अभ्यास आणि संध्याकाळी वर्ग असा त्याचा क्रम लागला आहे. मावा मात्र अजून पूर्ण सुटलेला नाही आणि त्यावर आमचे काम चालू आहे. इंग्रजीची त्याला भीती वाटते. गणितात तो पास होईल असे वर्गातले शिक्षक म्हणतात. दहावीनंतर आयटीआयचा एका वर्षाचा कोपा हा संगणक चालवण्याचा अभ्यासक्रम करून लवकर कमावते व्हायचे, की तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा डिप्लोमा करून पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाचा मार्ग मोकळा ठेवायचा, याबद्दल आई आणि वडील यांची मते वेगळी आहेत. निकालानंतरच्या बैठकीत मुलाला आधी बोलू द्यायचे, एवढे दोघांनी मान्य केले आहे.