बोटीचं इंजिन: सर्व्हिसिंग मेकॅनिककडून करावं की स्वतः?

प्रश्न असा आहे: सेकंडहँड फायबर होडी घेतली, तिच्यावर 9.9 एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) आहे, मेकॅनिक दर खेपेला पैसे घेतो, तर यूट्यूबवर बघून सर्व्हिसिंग घरीच केलं तर वर्षाला किती वाचतील?

आमची मालवणकडची होडी. थोडी मासेमारी, हंगामात थोडे पर्यटक. त्या अनुभवावरून सांगतो: मजुरीत फार वाचत नाही, पार्ट खराब होऊ दिले नाहीत तर मात्र बरंच वाचू शकतं.

तुम्ही बघताय ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले नाहीतर ऑस्ट्रेलियातले असणार. तिकडे वर्कशॉपवाला तासाला शंभर डॉलरच्या वर लावतो, त्यामुळे मालकाने रविवारी स्वतः ऑइल बदललं तरी घसघशीत पैसे वाचतात. आपल्याकडे गणित उलटं आहे. माणसाचा हात स्वस्त आणि पार्ट महाग. आमच्या पट्ट्यात एवढ्या इंजिनाच्या साध्या सर्व्हिसला मेकॅनिक साधारण 500 ते 1500 रुपये मजुरी घेतो, लांबून येणार असेल तर वर गाडीचं पेट्रोल. प्लग, गिअर ऑइल, वॉशर, ग्रीस यांचे पैसे त्याने केलं काय नि तुम्ही केलं काय, तेवढेच. म्हणजे वर्षातून दोनदा सर्व्हिस धरली तर वाचले एक ते तीन हजार. बरा सॉकेट सेट, प्लग पाना, फीलर गेज नि ग्रीस गन घेतलीत की पहिल्या वर्षाची बचत तिथेच संपली.

मोठा पैसा जातो तो इंजिन तापून पिस्टन जाम झाला की, किंवा पाणी शिरून गिअर खाल्ले गेले की. तेव्हा बिल काही हजारांवर थांबत नाही, आणि नवं 9.9 घ्यायचं तर लाखाच्या वर. यातल्या बहुतेक भानगडी टाळणारी कामं मेकॅनिकची नाहीतच, मालकाची आहेत. आमचा म्हातारा मेकॅनिक फोनवर पहिलं वाक्य हेच बोलतो: “आदी गोड्या पाण्यान धू, मगे माका फोन कर.” खाऱ्या पाण्यातून आल्यावर दहा-पंधरा मिनिटं गोडं पाणी फिरवायचं. प्लॅस्टिकचं पिंप अर्धं कापून त्यात इंजिनाचा पाय (पाण्यात राहणारा, गिअर नि पंख्याचा खालचा भाग) बुडवा, पाण्याची पातळी आत घ्यायच्या जाळीच्या बरीच वर ठेवा, पंखा काढून ठेवा, न्यूट्रलमध्ये आयडलवर चालू द्या. मागच्या भोकातून पाण्याची धार जोरात येतेय ना, ते बघत राहा. धार बारीक झाली की इंजिन बंद. आणि पाण्याबाहेर ‘फक्त एकदा चालू होतंय का बघू’ म्हणून दोरी ओढू नका. इम्पेलर, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणाऱ्या पंपातलं चक्र, रबराचा असतो, पाण्याशिवाय तो काही सेकंदांत खराब व्हायला लागतो.

स्वतः शिकायचंच तर गिअर ऑइलपासून सुरुवात करा. खालच्या पायाला दोन स्क्रू असतात, एक तळाशी, एक वर. खाली भांडं ठेवा, आधी तळाचा उघडा, मग वरचा, म्हणजे हवा शिरून तेल सगळं उतरतं. आता घाई करू नका, तेलाकडे बघा. काळपट असेल तर ठीक, वापरलेलं तेल काळं होतंच. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, म्हणजे बहुतेक सील गेलाय. नुसतं नवं तेल भरून ते झाकू नका, पुढच्या महिन्यात गिअर बदलायची पाळी येईल. तळाच्या स्क्रूला लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी चिखल चालतो, पण बोटाला टोचेल असा धातूचा कण दिसला तर मेकॅनिकला बोलवा. नवं तेल खालच्या भोकातून भरायचं, वरच्यातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर आत हवा अडकते आणि पाय अर्धा रिकामाच राहतो. भरल्यावर आधी वरचा स्क्रू लावा, मग ट्यूब काढून चटकन खालचा. दोन्ही वॉशर नवे. दहा-वीस रुपयांचा तो वॉशर वाचवायला जाऊन सील गेल्यासारखं पाणी आत घेतलेले लोक मी पाहिलेत. या आकाराच्या इंजिनाला पाव लिटरच्या आसपास तेल लागतं.

प्लगही तुम्हीच बदला. एनजीके कंपनीच्या प्लगचा नंबर मॅन्युअलमध्ये बघून तोच घ्या, दुकानदार ‘हापण चालतो’ म्हणाला तरी. त्या नंबरात मधला आकडा उष्णतेचा असतो, आकडा मोठा तितका प्लग थंड. शेवटी ‘10’ असेल तर गॅप 1 मिलिमीटरची. मोटरसायकलचा जवळपासचा प्लग बसतोही, इंजिन चालतंही, आणि मग लोक कार्बोरेटरला शिव्या घालतात.

झिंकचे तुकडे, म्हणजे अ‍ॅनोड, अर्धे झिजले की बदला आणि त्यांच्यावर रंग मारू नका. इंजिनाऐवजी ते गंजावेत म्हणूनच लावलेले असतात. रंगवले की गंज पायाच्या अ‍ॅल्युमिनियमकडे वळतो.

इम्पेलरची गोष्ट वेगळी. काम अवघड नाही, पण खालचा पाय उतरवावा लागतो आणि जुन्या होडीवर त्याचे बोल्ट मिठाने असे धरलेले असतात की जोर लावला की डोकं तुटून हातात येतं. अ‍ॅल्युमिनियममध्ये अडकलेला तुटका बोल्ट काढायचा म्हणजे वेल्डिंग, ड्रिल, नवे आटे, आणि मजुरी साध्या सर्व्हिसच्या कितीतरी पट. इंजिन सेकंडहँड आहे आणि आधीच्या मालकाने बोल्टना ग्रीस लावलं होतं का हे कुणी सांगणार नाही, म्हणून पहिल्यांदा मेकॅनिककडूनच करून घ्या. मात्र त्याच्या शेजारी बसा. बोल्ट परत बसवताना मरीन ग्रीस लावायला सांगा, गिअरचा रॉड कसा जुळवतो ते बघा, मोबाईलवर फोटो काढा. दुसऱ्या वर्षी ते बोल्ट हाताला येतात आणि तेव्हापासून इम्पेलर तुमचा.

कार्बोरेटरची सेटिंग, इग्निशनची कॉइल, क्रँकचे सील, गिअर, यात हात घालू नका. तिथे मजुरी नाही, मेकॅनिकचा अनुभवी डोळा विकत घेताय. पॉवरहेड, म्हणजे पिस्टन असलेला इंजिनाचा वरचा भाग, उघडायची वेळ आली तर कंपनीच्या अधिकृत माणसाकडेच जा आणि पार्टचं बिल मागा. बाजारात नकली इम्पेलर आणि नकली सील भरपूर आहेत, डबा मात्र हुबेहूब.

पावसाळ्याबद्दल थोडं, कारण निम्मी इंजिनं समुद्रात नाही, शेडमध्ये मरतात. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या जातात आणि इंजिन कोपऱ्यात जातं, तेही टाकीत पेट्रोल तसंच ठेवून. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. कोकणातल्या जुलैच्या हवेत किती पाणी असतं ते सांगायला नको. म्हणून ठेवताना शेवटच्या खेपेला गोड्या पाण्यात इंजिन चालू ठेवा, पेट्रोलची नळी काढा आणि कार्बोरेटर रिकामा होऊन ते आपोआप बंद पडू द्या. प्लगच्या भोकांत थोडं टू-स्ट्रोक तेल सोडून दोरी हळूच दोन-तीनदा ओढा. इंजिन उभंच ठेवा. उरलेलं पेट्रोल दुचाकीत ओतू नका, त्यात तेल मिसळलेलं आहे.

तेल-पेट्रोलचं प्रमाण मॅन्युअलचंच. बऱ्याच टू-स्ट्रोकना 50:1 लागतं, म्हणजे लिटरला 20 मिली, तेही आउटबोर्डचं टीसी-डब्ल्यू3. स्कूटरचं तेल स्वस्त पडतं, पण ते या इंजिनासाठी बनलेलं नाही.

पुढे कधी नवं फोर-स्ट्रोक घेतलंत तर वॉरंटी संपेपर्यंत सगळी सर्व्हिस अधिकृत ठिकाणी करा आणि पावत्या जपा. ट्रॉलरच्या डिझेल इंजिनाचं प्रकरण पूर्ण निराळं, त्यावर इथे लिहीत नाही.

आणि मेकॅनिकला जूनच्या पहिल्या आठवड्यातच गाठा. नारळी पौर्णिमा तोंडावर आली की अख्ख्या किनाऱ्याची इंजिनं एकदम त्याच्या दारात येतात. तेव्हा मजुरी वाढते, काम उरकलं जातं, आणि पार्ट मुंबईहून यायचा असेल तर ऐन हंगामाचे पहिले दिवस होडी किनाऱ्यावर. त्या दिवसांची कमाई धरलीत तर वर्षभराच्या मजुरीपेक्षा ती जास्त भरेल.

तुमच्या इंजिनाचं मॉडेल आणि साल लिहा, प्लगचा नि इम्पेलरचा नंबर बघून सांगतो.