एका फोनचे दोन कॉल-आयडी का?

तुम्ही विचारलंय की ऑफिसातल्या १०१ या अंतर्गत नंबरवरून १०२ ला एकच फोन लावला, तरी सिपच्या (नेटवर्कवरून फोन जोडण्याच्या नियमांच्या) लॉगमध्ये दोन कॉल-आयडी, म्हणजे कॉलच्या ओळखखुणा, दिसतात, आणि पहिल्याखाली इन्व्हाइट, म्हणजे कॉल सुरू करण्याचा निरोप, तोही दोनदा गेलेला दिसतो. काही बिघडलंय का?

काहीच बिघडलेलं नाही. १०१ चा फोन पीबीएक्सला, म्हणजे ऑफिसच्या टेलिफोन एक्सचेंजला, कॉल करतो आणि पीबीएक्स स्वतःच्या नावाने नवा कॉल काढून १०२ ला गाठतो. सिपच्या लेखी हे दोन वेगळे कॉल. कात्रजहून स्वारगेटला एक बस, तिथून शिवाजीनगरला दुसरी. प्रवासी तोच, तिकीट नवं. मध्ये नुसता प्रॉक्सी, म्हणजे निरोप फक्त पुढे पाठवणारा सर्व्हर असता, तर त्याने कॉल-आयडीला हात लावला नसता.

दोन इन्व्हाइटचं कारण वेगळं. पहिलं पासवर्डाच्या पुराव्याशिवाय जातं, पीबीएक्स ४०१ किंवा ४०७, म्हणजे ‘आधी ओळख पटवा’, म्हणून परत पाठवतो, मग फोन पुराव्यासकट पुन्हा पाठवतो. कॉल-आयडी तोच, फक्त सीसेकचा, म्हणजे निरोपाच्या अनुक्रमाचा, आकडा एकने वाढतो.

मी हे चुकून शिकलो. बाणेरच्या एका ऑफिसात कॉलचा अहवाल करताना मी एकूण कॉल म्हणून वेगवेगळे कॉल-आयडी मोजले, आणि उचललेले मात्र एजंटच्या बाजूचे. एकूण आकडा दुप्पट झाला, निम्मे फोन कुणी उचललेच नाहीत असं दिसलं. फोनवर बसणाऱ्या मुलींना दोन दिवस विनाकारण बोलणी खावी लागली. ते मला अजून टोचतं, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

आणखी एक. नुसत्या कॉल-आयडीवर विसंबू नका. जून २००२ च्या आरएफसी ३२६१ (सिपचे नियम सांगणारा दस्तऐवज) प्रमाणे संवाद, म्हणजे दोन फोनांमधली एक जोडणी, ओळखायला तीन गोष्टी लागतात: कॉल-आयडी, फ्रॉमचा (पाठवणाऱ्याच्या ओळीतला) टॅग आणि टूचा (ज्याला पाठवलं त्याच्या ओळीतला) टॅग. पहिल्या इन्व्हाइटमध्ये टूला टॅग नसतो. तो पलीकडचा फोन उत्तर देताना घालतो. प्रॉक्सीने एकच कॉल तीन फोनांवर वाजवला, तर कॉल-आयडी एक आणि टूचे टॅग तीन. पलीकडच्याने फोन ठेवला, तर त्याच्या बायमध्ये, म्हणजे कॉल संपवण्याच्या निरोपात, फ्रॉम आणि टू उलटे दिसतील, तेव्हा गोंधळू नका.

दोन्ही बाजू जोडायच्या असतील आणि तुमच्याकडे ॲस्टरिस्क हे पीबीएक्सचं सॉफ्टवेअर असेल, तर त्यातला लिंक्डआयडी, म्हणजे जोडलेल्या कॉलांची सामाईक खूण, बघा. तो दोन्हीकडे सारखा असतो. आरएफसी ७९८९ मधला सेशन-आयडी याचसाठी २०१६ मध्ये आला, पण मधल्या प्रत्येक यंत्राने तो पुढे द्यायला हवा.