गरजेनुसार फी सवलत: द्याच, पण नीट द्या

तुम्ही विचारलंय, आपल्या विनाअनुदानित शाळेत घरची परिस्थिती बघून फी सवलत सुरू केली तर पूर्ण फी भरणारे पालक नाराज होतील का. शाळेच्या कमिटीत बरीच वर्षं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हिशेब. समजा वर्गात 40 जागा आहेत आणि 32 भरल्यात. शिक्षकांचा पगार तेवढाच, वीजबिलही तेवढंच. रिकाम्या जागांवर निम्मी फी भरणारी चार मुलं आली तर शाळेच्या पेटीत भरच पडते. पालकसभेत हे फळ्यावर मांडा. वर्ग भरलेले असतील तर मात्र माजी विद्यार्थी, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले कारखानदार यांच्याकडून वेगळा निधी उभा करा आणि त्याचा हिशेब जाहीर ठेवा. इतरांच्या फीत गुपचूप वाढ केलीत तर कुरबुर होणारच, आणि ती रास्त असेल.

शिक्षण हक्क कायद्यातल्या 25 टक्के जागांमुळे पूर्वी गरीब घरची मुलं खासगी शाळेत यायची. 2019-20 पासून कर्नाटकात नियम बदलला. जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या जागा मिळत नाहीत. बेळगावसारख्या शहरात ही वाट जवळजवळ बंदच झाली.

गरज ठरवताना नुसत्या उत्पन्नाच्या दाखल्यावर जाऊ नका. वडगाव-खासबागच्या यंत्रमागावरची कमाई मंदीत एकदम खाली येते, निपाणीत विडी वळणाऱ्या बाईला मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं मिळते. शिकणारी मुलं किती, कर्ज किती, घरात आजारपण आहे का, हे समोर बसून विचारा. गुणांची अट तर मुळीच नको. ती बक्षिसाची गोष्ट झाली. आणि जमेल तेवढी फी प्रत्येकानं भरावी, अगदी थोडी का होईना. असे पालक सभेत हक्कानं प्रश्न विचारतात, आणि शाळेला तेच हवं असतं.

सवलत घेणाऱ्यांची नावं कमिटीतल्या दोघातिघांपलीकडे जाऊ देऊ नका. फीसाठी मुलाला वर्गात उभं करणं, स्नेहसंमेलनात त्याच्याकडून देणगीदाराचे आभार मानून घेणं, हे मला अजिबात सहन होत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, एकत्र जेवली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने दिले. पंगतीत कुणाचं ताट कुणाच्या पैशाचं, हे तिथं कुणी विचारत नव्हतं. डॉक्टरांची मुलगी आणि विणकराचा मुलगा एका गटात प्रयोग करतात तेव्हा दोघंही शिकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पूर्ण फी भरणाऱ्या पालकांना हेच सांगा, की तुमच्याही मुलाला यातून मिळतंय.

एक व्यवहाराची गोष्ट. सवलतीत गणवेश, वह्या आणि बसभाडं धरा, नाहीतर फी माफ होऊनही खानापूरकडची मुलगी गळते. अर्ज मार्चपर्यंत घ्या आणि रक्कम प्रवेशाआधीच लेखी कळवा. वर्षाच्या मध्ये कुणाची नोकरी गेली तर त्यासाठी थोडा निधी बाजूला ठेवा.